पिशवीवर खरं लिहा : रोपवाटिका आणि बी-खत विक्रेत्यांना खुलं पत्र

प्रति,
शहरातल्या आणि शहराभोवतीच्या रोपवाटिकांचे मालक, बागकामाच्या साहित्याचे दुकानदार आणि खत-बियाणं घरपोच पाठवणारे विक्रेते यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्याच गिऱ्हाइकांपैकी एक. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गच्चीत सात वर्षं भाजी पिकवते आहे. सुरुवात तुळस, कढीपत्ता आणि मिरचीच्या चार कुंड्यांपासून झाली. आज २४ क्रेट आहेत, दोन कापलेले ड्रम आहेत आणि कठड्याला बांधलेला दोडक्याचा मांडव आहे. माती, शेणखत, गांडूळखत, कोकोपीट, निंबोळी पेंड, बियांची पाकिटं, रोपं, यांतलं जवळपास सगळं मी तुमच्याकडूनच घेतलं. त्यातलं पुष्कळ चांगलं निघालं, हेही आधीच सांगते. पण या जूनमध्ये जे घडलं ते गप्प राहून सोसण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मे महिन्याच्या शेवटी मी एका रोपवाटिकेतून 'शुद्ध सेंद्रिय गांडूळखत' असं छापलेल्या ४० किलोच्या ८ गोण्या आणल्या. गोणीवर हिरवं पान होतं, गाईचं चित्र होतं. कोणी बनवलं, कधी भरलं, कशापासून केलं, यातलं एक अक्षर नव्हतं. ते तेव्हा मला खटकलं नाही, कारण आजवर घेतलेल्या बहुतेक गोण्यांवर ते कधी नव्हतंच. क्रेट रिकामे केले, जुनी माती आणि नवं खत निम्मं-निम्मं मिसळून पुन्हा भरले. ७ जूनला मृग लागला, दोन दिवसांनी पहिली चांगली सर पडली आणि आण्णांनी बी टोकलं.

आण्णा म्हणजे माझे वडील, वय ७८. सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्याच्या उत्तर भागात त्यांनी जन्मभर शेती केली. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना पुण्याला आणलं. पहिले सहा महिने ते बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून असत. जेवा म्हटलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. एका सकाळी मी झारी घेऊन वर निघाले तर मागोमाग जिना चढून आले. क्रेटमधली माती चिमटीत घेऊन बघितली आणि म्हणाले, "हिला भूक लागलीया." त्या दिवसापासून गच्ची त्यांची झाली. आता संध्याकाळी मी कामावरून परतले की दोडक्याने नवा ताणा कुठे टाकला, वांग्याला किती फुलं धरली, हे सगळं ते मला सांगतात. आमच्या घरातलं बोलणं त्या गच्चीमुळे परत सुरू झालं.

गावाहून येताना त्यांनी धोतराच्या तुकड्यात बांधून वाघ्या घेवड्याचं बी आणलं होतं. हा आमच्या भागातला घेवडा. फिकट दाणा, त्यावर तांबूस पट्टे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. पण आण्णांच्या दृष्टीने त्याची किंमत वेगळी होती. ते बी आईने स्वतः निवडून, राखेत घोळून डब्यात ठेवलेलं होतं, तिच्या हातचं शेवटचं. मागच्या पावसाळ्यात त्यांनी त्यातलं मूठभरच लावलं आणि बाकीचं राखून ठेवलं. यंदा एवढे क्रेट ताज्या खताने भरून तयार आहेत म्हटल्यावर त्यांनी सगळं लावलं.

उगवण चांगली झाली. आठवड्याभरात जोडपानं वर आली. मग पानांच्या कडा करपायला लागल्या. पावसाने दोन दिवस उघडीप दिली तर मातीवर पांढरट पापुद्रा धरला. रोपं बुडाशी बारीक होऊन एकेक करून आडवी झाली. जून संपायच्या आत २४ पैकी २२ क्रेट मोकळे झाले होते. वाचले ते दोनच. त्यांत नवं खत घातलंच नव्हतं, जुन्या मातीवर भागवलं होतं. आण्णांनी एका क्रेटमधलं ढेकूळ फोडलं, नाकाशी धरलं आणि एवढंच म्हणाले, "ह्ये खत न्हाई, लेकी. राख हाय, आन कोंबड्यांची कच्ची घाण."

उरलेल्या गोणीतला नमुना मी माती परीक्षण प्रयोगशाळेत दिला. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ पासून सेंद्रिय खतांचाही समावेश आहे आणि त्यांचे निकष ठरलेले आहेत. गांडूळखतात सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पदार्थांतला कार्बन, किमान १८ टक्के लागतो. शहरी कचऱ्यापासून केलेल्या कंपोस्टची क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असावी लागते. माझ्या नमुन्यातला कर्ब १८ च्या निम्म्याहूनही कमी निघाला आणि क्षारता ४ च्या दुपटीहून जास्त. घेवडा हे क्षारांच्या बाबतीत अतिशय हळवं पीक आहे. मातीची क्षारता १ च्या पुढे सरकली की त्याचं उत्पन्न घटायला लागतं. म्हणजे आईचं बी आम्ही जाणूनबुजून मिठात पेरावं तसं झालं, फरक एवढाच की आम्हाला ते मीठ आहे हे कोणी सांगितलं नव्हतं.

मी त्या दुकानात गेले. आधी "पाणी जास्त झालं असेल" हे ऐकलं. अहवाल दाखवल्यावर "आम्ही थोडीच बनवतो, वरून जसं येतं तसं देतो" हे ऐकलं. शेवटी त्यांनी उरलेल्या एका गोणीचे पैसे परत दिले. ते मी घेतले. पण तेवढ्याने प्रश्न मिटला असं मला वाटत नाही, आणि तो एका दुकानापुरता नाही हेही मला सात वर्षांच्या खरेदीवरून माहीत आहे. म्हणून त्या दुकानाचं नाव मी इथे घेत नाही. बोलायचंय ते तुम्हा सगळ्यांशी.

गावाकडच्या शेतकऱ्याला फसवणं सोपं नसतं असं मी म्हणणार नाही. बोगस बियाण्यांनी किती जण बुडाले ते आपण दर खरिपात वाचतो. पण त्याच्या हाताशी चार गोष्टी तरी असतात. परवाना असलेलं कृषी सेवा केंद्र असतं, पक्कं बिल असतं, तक्रार करायला कृषी अधिकारी असतो, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे बांधापलीकडे शेजारी असतो. 'हे खत घेऊ नको, माझं गेल्या साली जळालं' असं तो शेजारी सांगतो. शहरात गच्चीवर चार वांगी लावणाऱ्याला बांध नाही आणि शेजारीही नाही. त्याला फक्त तुम्ही आहात. तुमच्या दुकानात उभं राहून तो विचारतो, "यात काय घालू?" आणि तुम्ही सांगाल ते उचलून घरी नेतो. एवढा विश्वास आमच्यापैकी बहुतेकजण डॉक्टरवरही ठेवत नाहीत.

त्या विश्वासाच्या बदल्यात आम्हाला काय मिळतं, ते आता एकेक करून सांगते.

पहिलं खतच घेऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. 'गांडूळखत' म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशवीत मला आजवर काळी माती, भट्टीची राख, प्लॅस्टिकचे तुकडे आणि अर्धवट कुजलेलं शेण मिळालेलं आहे. कच्चं शेणखत कुंडीत गेलं की ते तिथे कुजायला लागतं, गरम होतं, मुळांना चटका बसतो, आणि कुजण्यासाठी लागणारं नत्र ते रोपाच्या तोंडचं ओढून घेतं. त्याच्यासोबत हुमणीच्या अळ्या येतात. शेतात चार अळ्यांनी फार बिघडत नाही. कुंडीत एक पुरते, ती सगळी मुळं कुरतडते आणि वरचं झाड का वाळलं ते कळायला आठवडा जातो. चांगल्या खताला पावसाने भिजलेल्या रानासारखा वास येतो, मुठीत दाबलं तर गोळा होतो आणि बोटाने टोचलं की फुटतो. हे तुम्हाला आमच्याहून जास्त कळतं. मग गोणी दुकानात उतरवून घेताना तुम्ही ती एकदा उघडून का बघत नाही?

कोकोपीटचंही तसंच. नारळाच्या सोडणात मुळातच क्षार असतात. ते धुऊन काढलेलं कोकोपीट वेगळं आणि न धुतलेलं वेगळं. दोन्ही विटा दिसायला सारख्या, भाव मात्र निराळा. 'धुतलेलं आहे का' असं विचारलं तर दहांतले आठ विक्रेते 'हो' म्हणतात. कोणाच्याच विटेवर तसं लिहिलेलं नसतं. मी आता प्रत्येक वीट बादलीत भिजवून तीन पाण्यांनी धुते. नव्याने बाग करणाऱ्याला हे कोण सांगणार?

आता बियाणं. १९६६ चा बियाणे कायदा आणि त्याखालचे नियम पाकिटावर काय असावं ते सांगतात : जात, वजन, उगवणीची टक्केवारी, तपासणीची तारीख, कुठवर वापरता येईल ती तारीख. भेंडीला किमान ६५ टक्के, टोमॅटोला ७०, मिरचीला ६० टक्के उगवण अपेक्षित आहे. वैधता तपासणीपासून ९ महिने. मोठ्या कंपनीच्या पाकिटावर हे बहुधा सापडतं. पण दुकानात मोठं पाकीट फोडून, दहा-वीस बिया छोट्या पुडीत भरून, वर टोमॅटोचा फोटो चिकटवून विकलेल्या पुडीवर यातलं काही नसतं. कांद्याचं बी वर्षभरात जीव सोडतं. ते तीन वर्षांचं आहे की तीन महिन्यांचं, हे पुडीवरून कळत नाही. उगवलं नाही की घरची माणसं म्हणतात, "तुला जमत नाही." कितीतरी जणींनी पहिल्या वर्षीच कुंड्या माळ्यावर टाकून दिल्या, त्यामागे हे एक कारण आहे. दोष त्यांच्या हाताचा नव्हता, बी मेलेलं होतं.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. गुलाबी, निळ्या रंगाचं बी असलेल्या पाकिटावर 'सेंद्रिय' लिहिलेलं मी पाहिलं आहे. तो रंग बुरशीनाशकाच्या प्रक्रियेची खूण असतो, बी खाऊ नये म्हणून दिलेली. मुलांना शाळेच्या उपक्रमासाठी हेच बी हातात देतात. प्रक्रिया केलेलं बी विकायला माझी हरकत नाही, पण ते केलेलं आहे असं लिहा. 'देशी' या शब्दाचंही तेच. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरोघरची गावरान वाणं गोळा करून जपली, त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला, आणि तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी 'देशी बी' आलं. चांगलंच झालं. पण संकरित बियांच्या पुडीवर 'देशी' छापलं तर जो माणूस त्या फळाचं बी राखून पुढच्या वर्षी लावतो, त्याच्या वाफ्यात भलतीच, एकमेकांशी न जुळणारी झाडं येतात. संकरित असेल तर संकरित लिहा, सरळ वाण असेल तर सरळ लिहा. दोन्ही आम्ही विकत घेऊ.

रोपांबद्दल थोडक्यात. पपईचं रोप 'मादी आहे, गॅरंटी' असं सांगून विकू नका. फुलं येईपर्यंत ते ओळखता येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. कलमाच्या जोडाखालून फुटवा आला तर तो काढायचा असतो, हे लिंबाचं कलम देताना दोन वाक्यांत सांगा. लोक खुंटाचाच फुटवा पाच-पाच वर्षं सांभाळतात आणि लिंबाची वाट बघत बसतात. आणि आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, औषध फवारून वाढवलेल्या कढीपत्त्याच्या रोपाला 'ऑरगॅनिक' म्हणू नका. गिऱ्हाईक घरी जाऊन त्याच संध्याकाळी फोडणीला त्याची पानं तोडतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी सर्वांत जास्त अस्वस्थ आहे ती. मागच्या वर्षी वांग्यावर पिठ्या ढेकूण पडला म्हणून मी औषध विचारलं. एका ठिकाणी मला पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलेलं दुधाळ द्रावण मिळालं. नाव नाही, प्रमाण नाही. "ऑरगॅनिकच आहे, बिनधास्त मारा." घरी बाटलीचं झाकण उघडलं तशी आण्णांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. तरुणपणी फवारणी करताना ते एकदा बेशुद्ध पडले होते, तो वास ते विसरलेले नाहीत. ती बाटली आम्ही वापरली नाही. पण तशीच बाटली नेलेल्या दुसऱ्या कोणाच्या घरी आण्णा नसतील. असेल तर एखादं चार वर्षांचं मूल असेल, आणि ती बाटली फ्रिजशेजारी ठेवलेली असेल.

१९६८ च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय कीटकनाशक विकता येत नाही आणि वेष्टनावर विषारीपणा सांगणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असावाच लागतो. सुट्या बाटलीवर तो कुठून येणार? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी वाचलं. ती माणसं उघड्या रानात फवारत होती. आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीखाली फवारतो आणि तिसऱ्या दिवशी तीच भाजी शिजवतो.

खरं जैविक औषध मागितलं तरी अडचण संपत नाही. कडुनिंबाच्या तेलात अझाडिरॅक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, किती आहे यावर त्याचा गुण ठरतो. नोंदणी झालेल्या औषधांवर ३००, १५०० किंवा १०००० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असा आकडा असतो, आणि त्याप्रमाणे मात्रा बदलते. तुमच्या फळीवरच्या निम्म्या बाटल्यांवर फक्त पान छापलेलं असतं. सीलबंद जीवामृताबद्दलही बोलायला हवं. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, ही नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांनी घरोघर पोचवलेली कृती. ते आंबवण जिवंत असतं, दोन दिवसांत तयार होतं आणि आठवड्याभरात वापरून टाकायचं असतं. आण्णा गच्चीसाठी ते १० लिटर करतात : अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन. तेच बाटलीत सील करून 'दोन वर्षं टिकेल' असं लिहून विकलेलं मी पाहिलं आहे. त्यात दोन वर्षांनी जिवंत काय उरत असेल, याचा विचार विकणाऱ्याने करायला हवा.

याउलट जे हवं ते तुमच्याकडे क्वचित मिळतं. दोडका, कारलं, काकडीवरच्या फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा कामगंध सापळा, म्हणजे नर माशीला वासाने ओढून पकडणारा सापळा, लागतो. मावा आणि पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे लागतात. भेंडीवर हळद्या, म्हणजे पानं पिवळी पाडणारा विषाणूरोग, पडला तर तो पांढऱ्या माशीने पसरतो, झाडाला औषध नाही, ते उपटून टाकायचं आणि माशी आवरायची. पण अशा पिवळ्या पडलेल्या भेंडीसाठी मला आजवर तीन वेगवेगळ्या दुकानांत तीन वेगवेगळी टॉनिकं मिळाली आहेत. सापळा एकदाही मिळाला नाही.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. उन्हाळ्यात शेडनेटखाली दिवसातून तीनदा पाणी घालणारे तुमचे मजूर मी पाहिले आहेत. खत बनवणारा एक असतो, गोणी भरणारा दुसरा, पोचवणारा तिसरा, आणि शिव्या खायला तुम्ही. शिवाय आम्हा गिऱ्हाइकांनाही स्वस्त हवं असतं, हलकं हवं असतं, वास नको असतो आणि महिन्यात टोमॅटो हवे असतात. खरं बोलणाऱ्या विक्रेत्याकडून आम्ही माल न घेता गोड बोलणाऱ्याकडून घेतो, हेही खरं आहे. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या माळीकाकांनी एकदा मला खत विकायला नकार दिला होता : "ताई, हे अजून महिनाभर कुजायला हवं, श्रावणात या." त्या दिवशी मी चिडून दुसरीकडे गेले. आज मला त्यांची माफी मागावीशी वाटते. तुमच्यात अशी माणसं आहेत, म्हणूनच मी हे पत्र लिहायचे कष्ट घेते आहे.

आमच्या मागण्या फार नाहीत.

खताच्या प्रत्येक पिशवीवर, सुटं विकलं तर दुकानातल्या पाटीवर, ते कोणी केलं, कशापासून केलं, कधी भरलं आणि वजन किती, हे मराठीत लिहा. ज्याच्या खतावर हे नसेल त्याचा माल उतरवून घेऊ नका. बिया पुडीत भरून विकत असाल तर मूळ पाकिटावरची जात, तपासणीची तारीख, उगवण आणि प्रक्रिया केली आहे की नाही, हे त्या पुडीवर हाताने लिहिलं तरी चालेल, पण लिहा. सुटं कीटकनाशक विकणं आजपासून बंद करा. यात सवलत किंवा मुदत मागू नका. 'सेंद्रिय' हा शब्द ज्या वस्तूबद्दल तुम्ही स्वतः खात्री देऊ शकता तिच्यावरच लावा. मागितल्याशिवाय बिल द्या, त्यावर मालाचं नाव लिहा. माल खराब निघाला तर बदलून द्या आणि ती खेप फळीवरून काढा, म्हणजे माझ्यानंतर येणाऱ्याची रोपं वाचतील. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष बियाण्यांच्या बाबतीत शेतकरी हासुद्धा ग्राहकच आहे असं स्पष्ट केलं आहे. गच्चीवर भाजी पिकवणारा तर ग्राहक आहेच. पण ग्राहक आयोगाची पायरी चढण्यात मला रस नाही. मला तुमच्याच दुकानात निर्धास्तपणे यायचं आहे.

आणि एक शेवटची मागणी, जिला ना पैसा लागतो ना प्रयोगशाळा. ती आण्णांची आहे. खताची नवी खेप आली की त्यातलं ओंजळभर खत एका पसरट डब्यात किंवा ट्रेमध्ये घ्या, निम्मी माती मिसळा, त्यात मूठभर मूग पेरा आणि तो ट्रे गल्ल्याजवळ ठेवा. शेजारी नुसत्या मातीत पेरलेला दुसरा ट्रे ठेवा. आठ दिवसांत कळतं. मूग सारखे उगवले, पानं हिरवी राहिली तर खत पिकलेलं आहे. खतातले मूग कमी उगवले, कडा करपल्या किंवा देठ पिवळे पडले तर ते खत अजून विकण्याजोगं नाही. असा ट्रे ज्या दुकानात दिसेल तिथे गिऱ्हाइकाला आणखी काही सांगायची गरज पडणार नाही.

वाचलेल्या दोन क्रेटमध्ये वाघ्या घेवड्याची ११ रोपं आहेत. त्यांना आता शेंगा धरल्या आहेत. यंदा आम्ही त्यातली एकही शिजवणार नाही, सगळ्या वेलीवरच वाळू देणार आहोत. करपलेल्या २२ क्रेटमधली माती आण्णांनी गच्चीच्या एका कोपऱ्यात पसरून ठेवली होती आणि पावसाळाभर तिच्यावरून पाणी जाऊ दिलं. आता तिच्यावर पालापाचोळा पसरला आहे. दसरा झाला की मेथी, पालक आणि कोथिंबिरीसाठी आम्हाला खत लागेल. तेव्हा मी आणि आण्णा तुमच्याकडे येऊ. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मूग असतील. गोणी उघडून आम्हाला ओंजळभर खत द्या. आठ दिवसांनी परत येऊन आठ गोण्या घेऊन जाऊ.

आपली,
एक जुनी गिऱ्हाईक,
पुणे